घरापुढचं उणं

रविवारची सकाळ होती. आई ओटीवर मेथी निवडत बसली होती आणि मी तिच्याजवळच पाय पसरून लॅपटॉपवर नव्या घराच्या खर्चाचा तक्ता लावत होते. तिने चष्मा नाकावर चढवला, हातातली जुडी मांडीवर ठेवली आणि स्क्रीनकडे वाकून पहिलीच ओळ वाचली. 'जुनं घर पाडणे : – १,४०,०००.' बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घरापुढे उणं का गं लावलंयस?"

मी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काढली आहेत. उत्तर तोंडावरच होतं. "अगं, पाडणारा आपल्याकडून पैसे घेत नाही, उलट आपल्याला देतो. लाकूड, कौलं, लोखंड सगळं तो नेणार. म्हणून तेवढे खर्चातून वजा." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा मेथीला लागली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मी पुढच्या ओळीवर गेले, पण लक्ष लागेना. तिचं 'बरं' मला चांगलं ओळखू येतं. पटलं की ती 'हो' म्हणते. 'बरं' म्हणजे विषय तिने आपल्याजवळ ठेवून घेतला.

दोन आठवडे ते उणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तो आकडा आला कसा, तेही आठवत राहिलं. जोगेश्वरीहून एक पाडकामवाला आला होता. पन्नाशीचा, सडपातळ, पायात रबरी चपला. चहा नको म्हणाला. आधी तो अंगणातून नुसता छपराकडे बघत उभा राहिला, मग आत येऊन माजघरातल्या स्टुलावर चढला आणि तुळईवर बोटाच्या पेराने टकटक केली. खिशातून छोटी सुरी काढून कडेचा एक कपचा उडवला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला. "ताई, वास घ्या. बर्मा साग आहे." मी वास घेतला. वरून काळी पडलेली ती तुळई आतून मधाच्या रंगाची होती, आणि तिला ओल्या चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येत होता. या तुळईखाली मी जन्मले, वाढले, नवरीची साडी नेसून उभी राहिले. पण ती आतून कशी आहे, हे मला परक्या माणसाने सांगावं लागलं. त्याने टेप लावली. बारा फूट लांब, सहा इंच बाय आठ इंच, म्हणजे एकेक तुळई चार घनफुटांची. नऊ मोजल्या. घनफुटाला अडीच हजार. त्यावर दारं, खिडक्या, चौकटी, गज, कौलं. त्यातून त्याच्या माणसांची बारा दिवसांची मजुरी वजा. असं करत करत कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे त्याने १,४०,००० लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. दगडविटांचं डेब्रिज मात्र आमचं आम्ही बघायचं.

आमचं घर बोरिवली पश्चिमेला, एकसर गावठाणात. पूर्वी रिक्षावाल्याला वझिरा नाक्याच्या गणपतीपासून डावं-उजवं सांगत आणावं लागे. २०२२ मध्ये एकसर नावाचं मेट्रो स्टेशनच झालं आणि सांगणं सोपं झालं. चारही बाजूंना वीस-बावीस मजले उभे राहिलेत, मधे आमची कौलं. आजोबांनी १९३८ साली बांधलेलं घर. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर. प्रॉपर्टी कार्डावर आईचं आणि आम्हा तिघा भावंडांचं नाव लागायला वर्ष गेलं, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. नाव लागलं, आणि दादा म्हणाला, "आता बजेट तू कर. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

मला वाटलं होतं, जमेल. कारखान्यात मी नव्या शेडची, बॉयलरची बजेटं केली होती. पण तिथे 'नको असलेली जुनी शेड' अशी एक ओळ असते आणि ती ओळ लिहिताना कुणाच्या घशाशी काही येत नाही. इथे प्रत्येक ओळीमागे कुणीतरी बसलेलं होतं. दादाला तळमजल्यावर गाडीची जागा हवी होती. धाकट्याला गच्चीत बाग. वहिनीला इतक्या वर्षांनी एकदाचं स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं. ते तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, फक्त नकाशावर तिची नजर तिथेच जायची. मला काय हवं होतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी सासरी राहते, विलेपार्ल्यात. तरी नकाशातली तिसऱ्या मजल्यावरची खोली मनात 'माझी' म्हणून धरून ठेवली होती, हे आता लिहिताना कळतंय.

कंत्राटदाराचा दर स्क्वेअर फुटाला २,६००. तळमजला धरून तीन मजले, प्रत्येकी ८०० फूट. २,४०० गुणिले २,६०० म्हणजे ६२,४०,०००. हा आकडा ऐकून सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं, कारण तो डोक्यात मावतो. पण दरात काय आहे हे सगळेच सांगतात. दरात काय नाही, हे विचारायला शिकेपर्यंत माझे तीन कंत्राटदार झाले. कंपाऊंडची भिंत दरात नव्हती. जमिनीखालची पाण्याची टाकी नव्हती. ग्रिल नव्हती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्हतं, जोत्यातला भराव नव्हता. सॉइल टेस्ट, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्या फिया वेगळ्या. घर उभं राहीपर्यंत राहायचं कुठे, तर भाड्याने: महिना ४०,००० धरले तर अठरा महिन्यांचे ७,२०,०००, शिवाय डिपॉझिट. बँक कर्ज देते ते टप्प्याटप्प्याने, जोतं झालं की इतकं, स्लॅब पडला की इतकं. म्हणजे तो टप्पा गाठायला लागणारा पैसा आधी आपल्या गाठीला हवा, आणि सुटलेल्या रकमेवरचं व्याज त्याच महिन्यापासून सुरू, वर भाडंही. सगळ्यांत शेवटी मी एक ओळ लिहिली, 'आकस्मिक : १० टक्के, ६,२४,०००.' धाकट्याने ती तीनदा खोडली. "ताई, ज्याचं नावच माहीत नाही त्याला सहा लाख?" तीनही वेळा मी ती परत लिहिली.

जीएसटीच्या ओळीवरून मात्र आमच्यात जे बोलणं झालं, ते मी विसरणार नाही. सामानासकट कंत्राट दिलं तर १८ टक्के, म्हणजे ११,२३,२०० रुपये. दादाने कुठूनतरी शोधून काढलं की सामान आपण आणायचं आणि नुसत्या मजुरीचं कंत्राट द्यायचं, तर एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठी त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. नियम खरा आहे. मी वाचला. पण तो एका कुटुंबाच्या एका घरासाठी आहे आणि आमच्या नकाशात तीन स्वयंपाकघरं होती, तीन दारं, विजेचे तीन मीटर. माजघरात सगळे बसले होते. मी म्हटलं, "आधी हे ठरवा, आपण एक घर बांधतोय की तीन?" कुणीच काही बोललं नाही. वहिनी उठून आत गेली आणि कपबश्या विसळू लागली, जरा जास्तच वेळ. मला तेव्हा तिची बाजू घ्यायची होती आणि पैसेही वाचवायचे होते. शेवटी तीनच स्वयंपाकघरं राहिली. ११,२३,२०० ची ओळही राहिली.

आजोबांची वही मी त्याच सुमारास काढली. लाल कापडी बांधणीची, लांबट, आईच्या ट्रंकेत पैठणीखाली असते. घर बांधतानाचा रोजचा खर्च. बोरूने काढलेली, उजवीकडे झुकलेली अक्षरं, रुपये-आणे-पै असे तीन रकाने. 'सुतार २ असामी, रोज १ रु. ४ आणे.' 'कौले मंगळुरी १६००.' 'बंदर ते घर गाडीभाडे.' 'शिंपल्यांचा चुना.' 'घाणीचा बैल.' चुना मळायची घाणी अंगणात होती, तिची गोल खूण पावसाळ्यानंतर शेवाळात अजून दिसते असं बाबा म्हणायचे. मला ती कधी दिसली नाही. कौलं सोळाशेच का, हे मी मोजून पाहिलं. छपराचं क्षेत्रफळ उतारासकट हजारभर फूट, शंभर फुटांना दीडशे कौलं, म्हणजे पंधराशे लागतात. वरची शंभर फुटण्यासाठी. आजोबांनीही आकस्मिक धरलं होतं, फक्त त्याला ते नाव दिलं नव्हतं.

त्या वहीत आर्किटेक्ट नाही. परवानगीचीही एक ओळ नाही. आज मुंबईत बांधकामाला जो पहिला कागद हातात यावा लागतो, त्याचं नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', आयओडी. १८८८च्या महापालिका कायद्यातून आलेलं नाव, मराठीत म्हणायचं तर नापसंतीची सूचना. या अटी पाळाल तरच, तोवर नापसंत, असा त्याचा अर्थ. ती मिळाली की लोक पेढे वाटतात. आजोबांच्या वेळी एकसर मुंबईत नव्हतंच. १९५७च्या फेब्रुवारीत मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले. वहीच्या मागच्या पानांवर ते दिसतं. तोवरची घरपट्टी, डागडुजी, कौलं परतण्याचा खर्च आण्यांत. मग एका पानावर आजोबांनी कोपऱ्यात छोटं कोष्टक मांडलंय, ४ आणे म्हणजे २५ नवे पैसे, ८ आणे म्हणजे ५०, आणि त्यापुढे दोनच रकाने. गाव मुंबईत आलं त्याबद्दल मात्र त्यांनी काही लिहिलेलं नाही. शेवटची मोठी नोंद वास्तुशांतीची. '६० पाने.' साठ माणसं जेवली. आमच्या तक्त्यात ती ओळ नव्हती. मी घातली, आणि साठच लिहिले.

बाबांनी घराला हात लावला १९७९ मध्ये. मागच्या बाजूला न्हाणीघर आणि संडास, वर आरसीसीचा स्लॅब. मी तेव्हा सहा वर्षांची. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिटसाठी बाबा रजा टाकून रांगेत उभे राहायचे. साठ गोण्या आल्या त्या रात्री त्यांनी ओटीवर गोण्यांना लागून अंथरूण घातलं. पाऊस नव्हता, तरी सकाळी उठून त्यांनी एकेक गोणी दाबून पाहिली, आत गठ्ठे तर झाले नाहीत ना. राखाडी धूळ त्यांच्या भुवयांवर बसली होती आणि ते हसत होते, हे मला स्पष्ट आठवतं. सिमेंट सरकारी नियंत्रणातून अंशतः खुलं झालं १९८२ मध्ये आणि पूर्ण १९८९ मध्ये. बाबा म्हणायचे, तीन वर्षं थांबलो असतो तर. पण घरात पाच बायका होत्या आणि न्हाणी उघड्यावर. त्यांना थांबणं शक्य नव्हतं.

आज घरातला सगळ्यांत खराब भाग तोच. आजोबांच्या भिंती सत्त्याऐंशी वर्षांनंतर कोरड्या आणि बाबांच्या स्लॅबचे पोपडे न्हाणीत पडतात, आतल्या सळ्या उघड्या, फुगून लाल झालेल्या. इंजिनिअरने एक तुकडा हातात चुरून दाखवला. खाडीची वाळू, धुतलेली नाही. मीठ सळईपर्यंत पोचतं, लोखंड गंजतं, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी प्रत्येक गोणी दाबून पाहिली होती, वाळू चाखून बघायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनिअर गेल्यावर मी न्हाणीत एकटीच उभी राहिले आणि त्या सळ्यांना हात लावला. हाताला तपकिरी पूड लागली. नव्या घराच्या तक्त्यात ९,६०० किलो सळई आहे, ९६० गोण्या सिमेंट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा धाकट्याने रात्री साडेअकराला फोन केला. गोणीमागे पंचवीस-तीस रुपये सुटतील म्हणून कंत्राटदाराशी दर पुन्हा बोलायचा होता त्याला. त्याचा आवाज ऐकताना मला बाबांच्या भुवयांवरची धूळ आठवली. सळईचं वजन काढायचं सूत्रही मी पाठ केलंय. व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे. वजन होताना मी स्वतः काट्याजवळ उभी राहणार आहे.

घर पाडायचं का, असं मला मैत्रिणी विचारतात. एवढं सागाचं, एवढं थंड. त्यांना मी जोतं सांगते. आईचं लग्न होऊन ती आली १९६६ मध्ये, तेव्हा रस्त्यावरून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. रस्त्यावर थरावर थर पडत गेले. आधी एक पायरी गेली, मग दुसरी. माझ्या लग्नात मांडव घातला तेव्हा रस्ता आणि ओटी एका पातळीत होती आणि सगळे म्हणाले, बरं झालं, म्हाताऱ्या माणसांना सोपं. आज आमची फरशी रस्त्याच्या नऊ इंच खाली आहे. घर तिथेच उभं राहिलं आणि बुडत गेलं. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, आमच्या माजघरात मांडणीच्या दुसऱ्या फळीपर्यंत पाणी होतं. बाबा आणि आई तांदळाची कोठी टेबलावर चढवून रात्रभर त्या टेबलाला धरून उभे होते. त्यानंतर आई जून उजाडला की खालच्या फळीवर काही ठेवत नाही. वीस वर्षं झाली, पावसाळ्यात खालची फळी रिकामी असते.

तेव्हा नवं जोतं रस्त्यापासून साडेतीन फूट उंच करायचं, असं दादाने ठरवून टाकलं. पण आई ऐंशीची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेत. साडेतीन फुटांना सहा इंचांच्या सात पायऱ्या. उतार करायचा तर एका फुटाला बारा फूट लांबी लागते. साडेतीन फुटांना बेचाळीस. आमच्याकडे तेवढी जागा नाही. मी, दादा आणि आर्किटेक्ट नकाशावर पट्टी ठेवून बसलो होतो: पुन्हा पाणी आलं तर काय, आणि रोज आई बाहेर कशी पडणार. खरं तर दोन्ही भीती तिच्यासाठीच होत्या आणि एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या. शेवटी अडीच फूट ठरले. तीस फुटांचा उतार, बाजूच्या बोळातून वळवून, मधे टेकायला सपाट जागा आणि दोन्हीकडे कठडा. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "कठड्याला पाइप लावा, लाकूड नको. पावसाने फुगतं."

खालचे नऊ इंच आणि वरचे अडीच फूट मिळून सव्वातीन फूट भराव. गुणिले आठशे. २,६०० घनफूट, म्हणजे २६ ब्रास. मी मुरुमाचा भाव विचारत होते तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "मुरूम कशाला एवढा? तुमच्या भिंती आहेत ना." त्याने हिशेब करून दाखवला. मालाडी दगडाचं जोतं, विटांच्या आणि दगडाच्या भिंती, मिळून साधारण १८ ब्रास निघतील. तो माल फोडून, थर देऊन, पाणी मारून दाबायचा. डेब्रिज वाहून न्यायचा खर्च वाचतो आणि भराव विकत घ्यायचाही. नवा मुरूम फक्त ८ ब्रास. हिशेब चोख होता. मी तक्त्यात दोन्ही आकडे बदलले आणि थांबले. घराच्या ओळी दोन झाल्या होत्या. लाकूड-कौलं वजा होऊन जोगेश्वरीला जाणार होती आणि भिंती इथेच, आमच्या पायाखाली.

विहिरीचं काय करायचं, हे मात्र कुणी काढत नव्हतं. एका कोपऱ्यातला कॉलम नेमका तिच्या कठड्यावर येत होता. बुजवणं सोपं आणि स्वस्त. कॉलम सरकवून खालून बीमने बांधून घ्यायचा, तर १,१०,००० जास्त. विहिरीचं पाणी आम्ही कित्येक वर्षांत प्यायलो नाही. वर जाळी आहे, पालिकेचे डास-निर्मूलनवाले येऊन गप्पी मासे सोडतात, आई रोज संध्याकाळी तिथे दिवा ठेवते, एवढाच तिचा घराशी संबंध. मी भावनेला बाजूला ठेवून पाण्याचा हिशेब मांडला. बांधकामाला पाण्याचे टँकर मागवावे लागतात. प्रत्येक स्लॅबला किमान आठवडाभर, खरं तर दोन आठवडे पाणी धरावं लागतं. बाबांच्या स्लॅबचं आठवून मी विहिरीचं पाणी तपासायला दिलं. सळई घातलेल्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइडची मर्यादा आहे. आमच्या विहिरीचं १४० निघालं. खाडी इतकी जवळ असून पाणी गोडं. तो कागद मी भावांपुढे ठेवला. टँकरच्या पैशात १,१०,००० पूर्ण निघत नव्हते, हे तिघांनाही दिसत होतं. धाकट्याने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "आकस्मिकमधून घे." आम्हा तिघांमधला त्या ओळीवरचा वाद तिथे मिटला.

आईला मी संध्याकाळी सांगितलं, विहीर राहतेय. ती दिव्याची वात सारखी करत होती. "मग तिथल्या उताराला कठडा दोन्हीकडून लागेल," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त काडी तीनदा विझली.

त्याच रात्री मी ते उणं पुन्हा काढलं. मनात मी सगळं रचून ठेवलं होतं: आईला घर वजा झालेलं सहन होत नाहीये, तिच्यासाठी काहीतरी ठेवायला हवं. दादाचंही तेच म्हणणं होतं, दोन तुळया ठेवून जिन्याचा कठडा करू. सुतार म्हणाला होता, जुन्या लाकडातले खिळे करवतीचं पातं मोडतात, रंधायची मजुरी नव्या लाकडापेक्षा जास्त पडेल, तरी करू. मी आईला म्हटलं, "तू त्या दिवशी विचारलंस ना, घरापुढे उणं का. तुला वाईट वाटलं असेल तर आपण थोड्या तुळया ठेवून घेऊ."

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मला नकोत गं तुळया. त्यांच्यावरच्या वाशांचा भुसा मी साठ वर्षं झाडलाय." मग जरा थांबून म्हणाली, "उणं लावलंस ते कळलं. पण उणं कमी लावलंयस. त्याने नऊच मोजल्या. अकरा आहेत."

ती उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली आणि वर बोट दाखवलं. १९७९ मध्येच बाबांनी तिथे हार्डबोर्डाचं सीलिंग मारून घेतलं होतं, अन्नात भुसा पडू नये म्हणून. तिनेच मागितलं होतं ते. मी वही आणली. पान उघडायला वेळ लागला नाही, तिला जागा माहीत होती. 'तुळया सागवानी रंगून ११.' वहीत ती ओळ माझ्या डोळ्यांखालून चारदा गेली होती. धाकट्याने स्टुलावर चढून हार्डबोर्डाचा कोपरा उचकटला. चिमण्यांची जुनी घरटी, काजळी, मेलेली पाल खाली पडली. टॉर्चच्या उजेडात दोन तुळया दिसल्या, चुलीच्या धुराने डांबरासारख्या काळ्या झालेल्या. एकीच्या मधोमध लोखंडी कडी होती. आम्हा तिघांचे पाळणे त्या कडीला होते, हे मला ऐकून माहीत होतं. कडी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. सीलिंग लागलं तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता.

पाडकामवाल्याला पुन्हा बोलावलं. तो चुळबुळला, धुरकटलेल्या लाकडाला भाव नाही म्हणाला. आई खुर्चीवर बसून होती. तिने त्याला सुरी काढायला सांगितली. "वास घे." त्याने कपचा उडवला, आत तोच मधाचा रंग. दोन तुळया, आठ घनफूट, वीस हजार. तो "मावशी, तुम्ही पक्क्या आहात" म्हणाला आणि कॅलेंडरच्या त्याच पानावर १,६०,००० लिहून खाली रेघ मारली. आईने त्याला एवढंच सांगितलं की कडी काढून द्यायची, ती लाकडात धरलेली नाही. लोखंडाचा भाव घेतला तरी चालेल म्हणाली. त्याने मान हलवली आणि काही घेतलं नाही. मला त्या घासाघिशीची लाज वाटत होती आणि वीस हजार वाढल्याचा आनंदही होत होता. दोन्ही एकाच वेळी, आणि एकानेही दुसऱ्याला हटवलं नाही.

तो गेल्यावर आई पुन्हा ओटीवर येऊन बसली. पौष संपला की काम सुरू, जूनआधी जोतं वर यायला हवं, भाड्याच्या घरात देव्हारा कोणत्या भिंतीला, असं बरंच काही बोलायचं होतं. ती काहीच बोलली नाही. मी लॅपटॉप उघडला. तिने चष्मा चढवला आणि स्क्रीनकडे वाकली.

"आता किती झालं उणं?"

"एक लाख साठ हजार."

"मग लिही."